दादाच्या मापाचं सामान

हिमनदी मी पाच वर्षं शिकवत होते आणि तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या गाडीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवलेला. अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. फळ्यावर निळ्या खडूने हिमनदी काढायची, दोन्ही काठांना ठिपके देऊन दगडगोटे दाखवायचे, बाण काढून ती कुठे सरकते ते सांगायचं आणि तास संपला की ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचं. एका फेब्रुवारीत ते चित्र काढता काढता माझा हात थांबला. मी हे पुस्तकातल्या चित्रावरून काढते, पण पुस्तकात काढणाऱ्याने तरी ती पाहिली असेल का? उरलेला तास मुलींना नकाशा भरायला दिला आणि मी खुर्चीत बसून राहिले.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आता चौऱ्याऐंशीची आहे. मी बोलते आणि फोन लिहून घेतो, चुका मी नंतर दुरुस्त करते. ओळखीपाळखीतलं कुणी पहाडात निघालं की मला विचारतं, आजी, तुमच्या वेळी सामान काय नेलंत? तर सांगते.

त्या संध्याकाळी दादाला म्हटलं, "मला हिमनदी बघायचीय."

दादा माझा थोरला भाऊ. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होता आणि मरोळ, साकीनाका, पवई करत रोज सायकलने कामाला जायचा. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, "कुठली? जवळात जवळ कुठली आहे?"

एका जुन्या इंग्रजी गाइडबुकात उत्तर सापडलं. कुमाऊँमधली पिंडारी. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे बसने अल्मोडा आणि बागेश्वर, तिथून पायी जायचं, मुक्काम सरकारी डाकबंगल्यांत. बारा हजार फुटांच्या वर जायचं होतं, पण दोर, कुऱ्हाडी असलं काही लागत नव्हतं. मेच्या सुट्टीत मी आणि दादाने जायचं ठरलं. मी एकटी जाते म्हटलं असतं तर आईने मला शाळेतसुद्धा जाऊ दिलं नसतं.

आता यादी. आज तुम्ही दुकानात जाता आणि नखशिखान्त सामान घेऊन बाहेर पडता. तेव्हा मुंबईत थंडीचे कपडे म्हणजे काश्मिरी फेरीवाल्याची शाल आणि मावशीने विणलेला स्वेटर. दादाने यादी अगदी कारखान्याच्या पद्धतीने केली. ड्रॉइंगच्या कागदावर रकाने आखले: वस्तू, कुणासाठी, कुठून मिळणार, वजन. वजनाचा रकाना भरायला आम्ही एकेक वस्तू पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीत न्यायचो. वखारवाल्याकडे मोठा काटा होता. तो पहिल्या दिवशी हसला, चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "ही गोधडी ठेवा घरी, बाई. भिजली की दुप्पट होईल." त्याचं ऐकून गोधडी यादीतून काढली. घोंगड्या घेतल्या. आजही माझा सल्ला तोच आहे, कापसाचं काही नेऊ नका.

लढाईच्या वेळचं उरलेलं लष्करी सामान तेव्हा चोरबाजारात मिळायचं. तिथून दादाला जाड कातडी बूट मिळाले, नऊ नंबरचे, तळाला खिळे मारलेले. खाकी कापडाची पाण्याची बाटली, दोन किटबॅगा, काळ्या काचांचे दोन चष्मे. माझ्या पायाचे बूट मात्र कुठेच मिळाले नाहीत. सैन्यात पाच नंबरचा पाय कुणाचा असणार? शेवटी कॅनव्हासचे बूट घेतले आणि साकीनाक्याला एका टायरवाल्याकडून रबराचा तुकडा आणून आमच्या चांभाराकडून खाली ठोकून घेतला. ते इतके सुबक दिसत होते की मी ते खोक्यातून काढून पुन्हा पुन्हा बघायचे.

पावसासाठी ताडपत्री हवी होती. ती मिळाली वेसाव्याहून. हिराबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिचा दीर होड्यांची शिडं शिवायचा. त्याने जुन्या शिडाच्या कापडाच्या दोन मोठ्या चादरी शिवून, तेल पाजून, उन्हात वाळवून दिल्या. पाणी त्यांतून जात नव्हतं. वास मात्र जात नव्हता. पुढे खाती गावाची कुत्री दोन मैल आमच्या हमालामागून चालत आली ती त्या वासाने.

हिराबाईला हे सगळं कशासाठी चाललंय ते कळलं तेव्हा टोपली खाली ठेवून ती खदाखदा हसली. "काय गो बाय, बरफ बगाला एवऱ्या लांब कशाला जातंस? आमचे कारखान्यान ये!"

वेसाव्याच्या वाटेवर मासळीसाठी बर्फ बनवणारा कारखाना होता. ती थट्टेत बोलली, पण दादाचे डोळे चमकले. त्याला प्रत्येक गोष्टीची चाचणी घ्यायची सवय होती. पुढच्या रविवारी सकाळी, एप्रिलच्या उन्हात, आम्ही स्वेटर, कोट, माकडटोप्या, मोजे असं गाठोडं घेऊन त्या कारखान्यात हजर झालो. हिराबाईने आधीच बोलून ठेवलं होतं. बरोबर सुलभावहिनी होती. दादाची बायको, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, लग्नाला तीन वर्षं झालेली. तिला आणलं होतं घड्याळ धरायला.

बर्फाच्या लाद्या रचलेल्या त्या काळोख्या खोलीत मी आणि दादाने अर्धा तास बसायचं असं ठरलं. खाली पाणी साचलं होतं. माझे नवे बूट खराब होतील म्हणून मी ते बाहेर काढून ठेवले आणि दादाचे जुने चामड्याचे बूट घालून आत गेले. कपड्यांची चाचणी झाली, टोप्यांची झाली, मोज्यांची झाली. बुटांची तेवढी राहिली.

वहिनी दारात उभी राहून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होती. पंधराव्या मिनिटाला तिने नियम मोडला. आत आली, माझी टोपी वर केली आणि म्हणाली, "वन्सं, टोपी कानांच्या वर सरकलीय. कान बघा, गारठलेत नुसते." मग आत आलीच आहे तर म्हणून तिने एका लादीवर हात ठेवला, आणि काढलाच नाही. दादा म्हणाला, "अगं, हात बधिर होईल." ती म्हणाली, "होऊ दे. कसा होतो ते बघतेय."

सगळं बांधून झालं आणि निघायला आठ दिवस असताना दादा कारखान्यातून आला तो सायकल भिंतीला न टेकवताच. परदेशातून नवं यंत्र आलं होतं, ते बसेपर्यंत ड्रॉइंग ऑफिसमधल्या सगळ्यांच्या रजा रद्द. तिकिटं काढलेली, डाकबंगल्यांसाठी अल्मोड्याच्या कचेरीचं परवानगीचं पत्र आलेलं. आई म्हणाली, "मग पुढच्या वर्षी जा. हिमालय कुठे पळून जातोय?"

मी किटबॅगेचे बांधलेले पट्टे पुन्हा आवळत बसले, कारण बोलले असते तर रडले असते. दादा चहा ढवळत राहिला. आणि वहिनी, जी आईसमोर सहसा मान वर करून बोलत नसे, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ह्यांचं सामान बांधून झालंय. ते सोडून पुन्हा कपाटात लावायचं, त्यापेक्षा मी जाते."

आई तिच्याकडे बघत राहिली. "तू? कुठे जायचंय ते तरी माहीत आहे का? तुझ्या माहेरी मी काय सांगू, सुनेला डोंगरावर पाठवलीय म्हणून?"

"जाऊ दे ना, आई," दादा म्हणाला. "ती माझ्यापेक्षा बरी चालते. मी सायकलवरसुद्धा धापा टाकतो."

आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने यादीत नसलेला मेथीच्या लाडवांचा डबा किटबॅगेवर आणून ठेवला. ती परवानगी होती.

म्हणजे वहिनी निघाली ती दादाच्या मापाचं सामान घेऊन. दादाचा कोट, दादाची लोकरी पँट, दादाचे नऊ नंबरचे बूट. बदलायला वेळ नव्हता.

मुंबई सेंट्रलहून गाडी धरून मथुरेला उतरलो आणि तिथून छोट्या रुळांच्या गाडीने काठगोदामला. तिसऱ्या वर्गाच्या बायकांच्या डब्यात एका बरेलीच्या बाईने आमच्या किटबॅगा, काठ्या, घोंगड्या बघून विचारलं, "तीरथ को जा रही हो?" मी भूगोल समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीने "हां जी" म्हणून विषय संपवला. मग तिने मला कानात सांगितलं, "तीर्थाला म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही." ती युक्ती पुढे सगळ्या वाटेवर कामाला आली.

काठगोदामहून बस. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, आणि ड्रायव्हर मान मागे वळवून गप्पा मारणारा. वहिनीला घाटात इतक्या उलट्या झाल्या की मला वाटलं, अल्मोड्यालाच संपलं सगळं. खरं सांगते, तेव्हा मला थोडं बरंही वाटलं. हिमालय माझा होता, ती पाहुणी होती, असं काहीसं मनात होतं. अल्मोड्याला तिने लिंबू चोखलं, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आता चालायचं कधी?"

तिथल्या एका लोकरीच्या दुकानदाराने आमचं सामान बघून निम्मं मागे ठेवायला लावलं. कंदील, इस्त्री केलेल्या दोन साड्या, जाडजूड गाइडबुक, पत्र्याची बादली. हो, आम्ही बादली आणली होती. अल्मोड्यात सामान ठेवून परत येताना उचलता येतं, एवढं लक्षात ठेवा. त्याच्याकडूनच दोन मूठ कच्ची लोकर वहिनीने घेतली. कशाला, ते मला कळलं नाही.

बागेश्वरला बसचा रस्ता संपला. तिथे दानसिंग भेटला. चाळिशीचा, बुटका, बोलायला कमी. तो वाटाड्या आणि त्याचा एक सोबती सामान उचलणारा. शरयूच्या काठाने पहिले दोन दिवस चाल सोपी होती, पण गरम. कपकोटला आणि मग लोहारखेतला मुक्काम. डाकबंगल्यांत खाट, चूल आणि चौकीदार असायचा, भाडं अगदी किरकोळ. शिधा आपण न्यायचा. चौकीदार पोळ्या करून देत, आपल्यापेक्षा दुप्पट जाड. एक खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही.

वहिनी हे दोन दिवस पाचवारी साडी खोचून चालली. लोहारखेतला पोचेपर्यंत निऱ्यांचा खालचा भाग काट्यांनी फाटून चिंध्या झाला होता. दुसऱ्या दिवशी ढाकुरीची खडी चढण होती. सकाळी ती बंगल्यातून बाहेर आली ती दादाच्या पँटमध्ये. कमरेला परकराची नाडी बांधलेली, पाय चार वेळा दुमडलेले, मंगळसूत्र स्वेटरच्या आत, कपाळावर रोजच्यासारखं कुंकू. मी हसू दाबलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, ती दानसिंगकडे बघत होती. तो काय म्हणतो याची तिला भीती असावी.

दानसिंगने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "जूता ढीला है, माईजी. ऊन भरो उसमें, रुई नहीं."

"भरलीय," वहिनी मराठीतच म्हणाली, आणि बूट काढून दाखवला. पुढच्या पोकळीत अल्मोड्याची ती लोकर ठासून भरलेली होती. दानसिंगने मान डोलावली. मला वाटतं, त्या क्षणापासून तो तिचा वाटाड्या झाला.

ढाकुरीच्या खिंडीत पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. झाडं संपली आणि समोर एकदम पांढरी भिंत उभी राहिली. शिखरांची नावं मला पाठ होती, पण एकही आठवेना. वहिनीने विचारलं, "ह्यातला ढग कुठला आणि डोंगर कुठला?" खरंच सांगता येत नव्हतं. आम्ही दोघी तिथे लाडू खात बसलो, आणि तिने मी सांगितलेली उत्तरं ऐकत ऐकत शंभर प्रश्न विचारले. बर्फ तिथून घसरत का नाही? वर वारा असतो का? तिथे पाऊस पडतो की तिथेही बर्फच? काहींची उत्तरं मला येत होती. बाकीच्या वेळी मी "पुढे गेल्यावर बघू" म्हणायचे.

खाती हे शेवटचं गाव. त्याच्या पुढे पिंडार नदीच्या काठाने जंगलातली वाट, पायाखाली ओली पानं, आणि दर थोड्या अंतराने वरून येणारे ओढे. ओढे पार करायला कधी दोन ओंडके टाकलेले, कधी तेही नाहीत. माझ्या सुबक बुटांनी इथेच दगा दिला. द्वालीच्या मुक्कामाच्या अलीकडे एका ओढ्यात डाव्या बुटाचा रबराचा तळ निम्मा सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. दोरीने बांधला. द्वालीला उजवाही सुटला. कॅनव्हास सतत ओलं, आत मी सुती मोजे घातलेले, कारण लोकरीचे टोचत होते. गोधडी घरी ठेवली आणि पायात मात्र कापूस घातला. फुरकियाच्या, म्हणजे शेवटच्या बंगल्यावर पोचले तेव्हा दोन्ही टाचांची कातडी गेली होती आणि अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. बाहेर गारा पडत होत्या.

चौकीदाराने माझे बूट चिमटीत धरून उचलले आणि दानसिंगला काहीतरी सांगितलं. दानसिंगने मला समजावलं: पुढचे दोन मैल नुसता बर्फ आहे. पहाटे तो घट्ट असतो, दहानंतर मऊ पडतो. उद्या सकाळी आकाश उघडेल असं दिसतंय, परवाचं काही सांगता येत नाही. शिधा एवढाच उरलाय की परवा खाली उतरायलाच हवं. आणि बूट एकच जोडी आहे.

मी वहिनीकडे बघितलं नाही. तिनेच बोलायला सुरुवात केली. "तुम्ही जा, वन्सं. लोकर काढून थोडी कमी भरू, बसतील तुम्हाला. मी इथे बसते. तुम्ही आल्यावर मला सांगा."

मी नाही म्हटलं नाही. लगेच हो म्हटलं. हे लिहिणं आजही सोपं जात नाही.

पहाटे पाचला मी दादाचे बूट चढवले. आकाश स्वच्छ, गारठा असा की नाकाच्या आत टोचत होतं. बंगल्यामागून वाट चढते. टाचेचं मांस कातड्यावर घासत होतं. शंभरएक पावलं गेले असेन, पहिल्या बर्फाच्या पट्ट्यावर पाय ठेवला, टाच टेकवता येईना म्हणून चवड्यावर भार घेतला, आणि घसरून बसले ती बसलेच. दानसिंग हात द्यायला आला. मी पुन्हा उठून दहा पावलं टाकली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागून वहिनी धावत आली, पायात मोजे आणि वर चौकीदाराच्या चपला. "कुसुम, थांब! उठू नकोस!" आयुष्यात तिने मला एकेरी हाक मारली ती तेवढीच.

मी तिथेच, बर्फावर बसून बूट काढले. "वहिनी, तू जा. जो काही प्रश्न मला येतो, तो तुलाही येतो. बघून ये."

ती माझ्याशेजारी बर्फावर बसली. बूट घातले, नाड्या आवळल्या, दोनदा पाय आपटला आणि निघाली. दानसिंगच्या मागून ती दादाची पँट वर वर जात राहिली आणि वळणाआड गेली.

मी व्हरांड्यात गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसले. चौकीदाराने चहा दिला. समोरच्या कड्यावर ऊन उतरत होतं. आठ वाजले, म्हणजे ती पोचली असेल. नऊला दरीतून ढग वर चढायला लागले आणि मला आनंद झाला. तिला काही दिसू नये असं वाटलं. ते वाटून गेल्यावर मला स्वतःचीच किळस आली. मग दहा वाजले, अकरा वाजले, त्यांनी परत यायला हवं होतं. बर्फ मऊ पडला असणार. नऊ नंबरचे बूट, आणि तिचा पाय माझ्याहूनही लहान. बारा वाजले तेव्हा मी पायांना फडकी गुंडाळून अंगणात उभी होते आणि आईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

दीड वाजता ती वळणावर दिसली. चेहरा उन्हाने लालभडक, ओठ फाटलेले, कुंकू पसरलेलं. तिच्या गळ्यात पडून मी आधी रागावले. "एवढा उशीर?"

"बर्फ मऊ पडला होता, पाय रुतत होते," ती म्हणाली.

दानसिंग विडी काढून बाजूला गेला.

मग मी तिला समोर बसवलं आणि दादाच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. "सांग. कशी होती?"

"पांढरी नाही, वन्सं. वर आहे पांढरी, शिखरांकडून पायऱ्या पायऱ्यांनी उतरते, तिथे. खाली मळकी आहे. राखेने घासलेलं भांडं विसळायच्या आधी दिसतं तशी. मध्ये भेगा आहेत आणि भेगांच्या आत निळा रंग आहे. नीळ घातल्यासारखा."

"काठाला?"

"काठाला दगडांचे बांध. रस्त्याच्या कामाला खडी आणून ओततात ना, तसे लांबच लांब. ती लोटत आणते वाटतं दगड. आणि आवाज येतो. मध्येच मांजरपाट फाडल्यासारखा, टर्र. मग बराच वेळ काही नाही."

ती सांगत गेली आणि मी काढत गेले. मी मराठी चौथी शिकलेल्या बाईकडून हिमनदी काढून घेत होते आणि ती चित्रात कुठेही चुकत नव्हती. एका ठिकाणी तिने माझा हात धरला. "असं नाही. तुम्ही वरून बघितल्यासारखं काढताय. आपण तिच्या खाली उभं असतो. ती आपल्या अंगावर येत असते." पाच वर्षं मी फळ्यावर ती वरूनच काढली होती.

उतरताना खातीपर्यंत दानसिंगने माझे पाय गवताने आणि घोंगडीच्या पट्ट्यांनी बांधले. चार दिवसांची वाट मला सहा दिवस लागली. खातीत शिधा विकत मिळाला, बागेश्वरला चपला, अल्मोड्याला आमची बादली.

अंधेरीला घरी आलो तेव्हा शेजारपाजारची मंडळी जमली होती. वहिनी आत गेली, पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाई, मी भूगोलवाली. दादा म्हणाला, "सांग ना, कशी होती?"

मी सांगायला सुरुवात केली. "पांढरी नाही. खाली मळकी असते, भेगांच्या आत निळी..." एकदाही म्हटलं नाही की हे मी पाहिलं. एकदाही म्हटलं नाही की पाहिलं नाही. वहिनी कप घेऊन आली, सगळ्यांना दिले, मला दिला आणि आत गेली.

मग ते तसंच चालू राहिलं. जूनमध्ये वर्गात सांगितलं. नंतर मुलुंडच्या महिला मंडळाने बोलावलं, बोरिवलीच्या एका शाळेने बोलावलं. मी दानसिंगबद्दल, पँटबद्दल, लोकरीबद्दल बोलायचे आणि शेवटी "आम्ही" हिमनदीसमोर उभ्या राहायचो. लोक टाळ्या वाजवायचे. वहिनी कधी कधी बरोबर यायची, मागच्या रांगेत बसायची.

दहाएक वर्षांनी घाटकोपरला असंच एक भाषण झालं. संपल्यावर आम्ही दोघी बसस्टॉपवर उभ्या होतो. मला राहवेना. मी विचारलं, "वहिनी, तू कधी काही बोलली का नाहीस?"

तिला लगेच कळलं कशाबद्दल ते. "तुम्ही बरोबर सांगता. मला एवढं छान सांगता आलं नसतं."

"तरीही."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "एक गोष्ट तेवढी चुकते तुमची. उशीर बर्फामुळे नव्हता झाला. मी उठलेच नाही तिथून. दानसिंग लांब जाऊन विडी ओढत बसला होता. दीड-दोन तास मला कुणी हाक मारली नाही, वन्सं. लहानपणापासून तसं कधी झालंच नव्हतं. मला वाटलं, अजून थोडं. अजून थोडं. तुम्ही खाली काळजी करत असाल ते कळत होतं, तरी बसले." मग बस येताना दिसली तशी तिने पदर सावरला. "ते कुणाला सांगू नका पण. आईंना वाईट वाटेल."

आई अजून होती तेव्हा. मी कुणाला सांगितलं नाही. पिंडारीवर भाषण मात्र त्यानंतर दिलं नाही, आणि का देत नाही असं विचारलं की घसा बसतो म्हणून सांगायचे.

आता म्हणे खातीच्या बऱ्याच जवळपर्यंत जीप जाते आणि हिमनदी पुष्कळ मागे सरकलीय. तुम्ही जाल तेव्हा ताजी माहिती काढूनच जा, माझ्यावर विसंबू नका. बुटांबद्दल मात्र विसंबा, घरी ओले करून, ओलेच दोन दिवस वापरून मग न्या.

आई गेली, दादा गेला, वहिनीला जाऊन चार वर्षं झाली. वाईट वाटणारं आता कुणी राहिलं नाही, म्हणून लिहिलं. आमच्या घरातून पिंडारीपर्यंत एकच माणूस पोचलं, सुलभावहिनी. मी फुरकियापर्यंत गेले होते.